बाभळीवर चरणारा बघीरा

मेक्सिकोच्या पूर्व टोकाला, कॅरिबियन समुद्राला लागून किंताना रू नावाचं राज्य आहे. तिथल्या रानात बाभळीच्या गोतातलं एक काटेरी झुडूप वाढतं आणि त्याच्या पानांवर जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीचा, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला एक कोळी राहतो. तो जाळं विणून माशा पकडत नाही. दबा धरून किड्यांवर झेप घेणंही त्याच्या रोजच्या दिवसात फारसं नसतं. तो पानांच्या टोकांना लागलेले बारीक पिवळसर दाणे तोडतो आणि खातो. संशोधकांनी त्याचं खाणं मोजलं, तेव्हा मेक्सिकोतल्या या कोळ्यांच्या आहारात नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा या दाण्यांचाच निघाला.

हे किती विलक्षण आहे ते कळायला कोळ्यांचा एकूण पसारा डोळ्यांसमोर आणावा लागतो. २०२२ मध्ये कोळ्यांच्या नोंदलेल्या जातींनी पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. (ती पन्नास हजारावी जातही दक्षिण अमेरिकेतल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचीच होती.) या हजारो जाती गुहांपासून वाळवंटापर्यंत सगळीकडे पसरल्या आहेत, त्यांच्या शिकारीच्या तऱ्हाही शेकडो आहेत, पण पोट भरायचं ते दुसरा जीव मारून, हा नियम सगळीकडे सारखा. काही कोळी अधूनमधून फुलातला मधुरस पितात. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या नव्वद जाती मधुरस पिताना आढळल्याचं २००१ मध्ये एका संशोधक गटाने नोंदवलं होतं. गोल जाळी विणणाऱ्या काही कोळ्यांची पिल्लं जुनं जाळं खाऊन टाकतात, तेव्हा त्याला चिकटलेले परागकणही त्यांच्या पोटात जातात. पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. वनस्पतीचा घन भाग हेच मुख्य अन्न असलेला कोळी २००९ पर्यंत विज्ञानाला ठाऊक नव्हता.

या कोळ्याचं शास्त्रीय नाव बघीरा किपलिंगी. हो, तोच बघीरा, मोगलीचा काळा बिबट्या. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम हे दांपत्य उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर काम करत असे. १८९४ मध्ये किपलिंगचं 'जंगल बुक' आलं आणि दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, पेकहॅम दांपत्याने मध्य अमेरिकेतल्या कोळ्यांचं वर्णन करताना त्या कथांमधली नावं नव्या वंशांना, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांना, देऊन टाकली. बघीरा, अकेला, मेसुआ आणि नगैना हे चारही आज कोळ्यांचे मान्यताप्राप्त वंश आहेत. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. त्याचे वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. ज्या कोळ्याने भारताचा वाराही अनुभवलेला नाही, त्याच्या नावाशी आपलं नातं आहे ते एवढंच.

बघीरा हा वंश छोटा आहे. आज त्यात चारच जाती धरल्या जातात: किपलिंगी, टेक्सासपासून मेक्सिकोपर्यंत सापडणारी प्रॉस्पर, आणि २०१३ मध्ये भर पडलेल्या ला सेल्वा व मोतोसिंतला. शेवटच्या दोघींना त्या-त्या ठिकाणांवरून नावं मिळाली, पहिलीला कोस्टा रिकातल्या आणि दुसरीला मेक्सिकोतल्या. किपलिंगी सोडली तर बाकीच्या तिघींबद्दल जे छापलेलं आहे ते बहुतेक शरीराच्या रचनेबद्दलच आहे.

खुद्द किपलिंगीचीही बराच काळ हीच गत होती. १८९६ मध्ये वर्णन झालं ते फक्त नराचं. मादीचं वर्णन वेन मॅडिसन यांनी केलं ते १९९६ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. यात पेकहॅम दांपत्याचा काही दोष नाही. उड्या मारणाऱ्या कोळ्यांमध्ये नर आणि मादी पुष्कळदा इतके वेगळे दिसतात की दोन निरनिराळ्या बाटल्यांतले नमुने एकाच जातीचे आहेत हे ठरवणं खरोखर अवघड असतं. बघीऱ्याचा नर सडपातळ, पोटावर हिरवट आडव्या रेघा असलेला. मादीचं पोट भरदार, तपकिरी, त्यावर गडद नक्षी. जात पक्की करायची तर रंगावर विसंबून चालत नाही. नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शकांची टोकं आणि मादीच्या पोटाखालचा जननमार्गाचा कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. या पद्धतीने जात ओळखता येते, नाव देता येतं, नातीगोती लावता येतात. ती जात काय खाते, कुठे झोपते, कोणाला घाबरते, हे मात्र जिवंत प्राण्यापाशी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच हा कोळी संग्रहालयात शंभर वर्षं होता आणि त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट कोणाला माहीत नव्हती.

आधी त्याच्या घराण्याबद्दल

उड्या मारणारे कोळी आपल्या घरातही असतात. खिडकीच्या चौकटीवर, भिंतीवर, कुंडीच्या काठावर एक छोटासा, केसाळ, चपळ कोळी थांबत थांबत चालतो, आपण बोट जवळ नेलं की वळून समोर बघतो आणि टुणकन उडी मारतो, तो याच कुळातला. सहा हजारांहून जास्त जातींचं हे कोळ्यांमधलं सर्वांत मोठं कुळ आहे.

बोट नेल्यावर तो वळतो, त्यामागे काय चाललेलं असतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

त्याला आठ डोळे असतात. समोरचे दोन मोठे, बाकीचे सहा डोक्याच्या कडेने मागपर्यंत मांडलेले. कडेच्या डोळ्यांचं काम हालचाल टिपण्याचं. त्यांच्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं कळतं, पण ढोबळ. काही हललं की तो अंग वळवतो आणि समोरचे दोन डोळे त्यावर रोखतो. या दोन डोळ्यांमागे लांबट नळ्या असतात आणि नळीच्या तळाशी पडदा. भिंग जागचं हलत नाही, पण स्नायूंनी नळी आत इकडेतिकडे फिरवता येते. पडदा अरुंद असल्यामुळे एका वेळी दृश्याची एक बारीक पट्टीच स्पष्ट दिसते, आणि नळी फिरवत फिरवत तो समोरची वस्तू टप्प्याटप्प्याने वाचून काढतो. म्हणून तो इतका वेळ स्थिर उभा राहतो. त्याच्या आकाराच्या दुसऱ्या कुठल्याही जिवाला एवढं बारीक दिसत नाही.

अंतराचा अंदाज तो कसा घेतो, हे २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी एका सुरेख प्रयोगाने दाखवलं. त्यांनी वापरलेली जात, हॅसेरियस अ‍ॅडॅन्सोनी, आपल्याकडच्या घरांतही आढळते. या कोळ्याच्या मुख्य डोळ्याच्या पडद्याला चार थर असतात. हिरवा प्रकाश टिपणारे त्यातले दोन, एकामागे एक. एका थरावर प्रतिमा स्पष्ट पडते, दुसऱ्यावर धूसर. वस्तू जितकी जवळ-लांब, तितकं हे धूसरपण बदलतं, आणि त्यावरून मेंदू अंतर काढतो. संशोधकांनी कोळ्याला फक्त हिरव्या उजेडात शिकार दाखवली, तेव्हा उड्या अचूक पडल्या. फक्त लाल उजेडात दाखवली, तेव्हा तो भक्ष्याच्या अलीकडेच पडू लागला. लाल प्रकाश भिंगातून वेगळ्या जागी एकवटतो, धूसरपण बदलतं आणि हिशेब चुकतो.

उडीचं यंत्रही वेगळंच. कोळ्याच्या पायांतल्या काही महत्त्वाच्या सांध्यांना पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. तो शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवतो आणि त्या दाबाने मागचे पाय ताडकन सरळ होतात. उडी मारण्यापूर्वी तो बुडाखाली रेशमाचा एक धागा चिकटवून ठेवतो. उडी फसली, पाय घसरला, तरी तो त्या धाग्यावर लटकतो आणि चढून परत येतो.

बारीक नजर, अंतराचा पक्का अंदाज, झटक्यात दिशा बदलणारी उडी आणि आधाराचा धागा. ही सगळी हत्यारं शिकाऱ्याची आहेत. बघीऱ्याकडेही ती जशीच्या तशी आहेत. मग समोरून न पळणाऱ्या, न लपणाऱ्या दाण्यासाठी ती लागतात कशाला? याचं उत्तर झाडाकडे आहे.

बाभूळ आणि तिचे राखणदार

आपल्या माळरानावरची बाभूळ पूर्वी अकेशिया या मोठ्या वंशात मोडत असे. पुढे त्या वंशाची फोड झाली आणि आपली बाभूळ वॅचेलिया निलोटिका झाली. बघीरा ज्या झाडांवर राहतो त्यांपैकी वॅचेलिया कॉलिन्सी ही तिची त्याच वंशातली बहीण. त्यामुळे बाभूळ जवळून पाहिलेल्या माणसाला ते झाड फारसं परकं वाटणार नाही. तीच पिसासारखी बारीक पर्णिकांची संयुक्त पानं, पानाच्या बुडाशी तेच जोडीजोडीने येणारे काटे. पानाच्या देठावर मधुरस पाझरणाऱ्या ग्रंथी आपल्या बाभळीलाही असतात.

फरक पडतो तो काट्यांत आणि पानांच्या टोकांत. या मध्य अमेरिकी बाभळींचे काटे बुडाशी फुगलेले असतात, बैलाच्या शिंगांच्या घाटाचे. काटा कोवळा असताना मुंग्या त्याच्या टोकाजवळ भोक पाडतात, आतला गर काढून टाकतात आणि पोकळीत संसार थाटतात. या मुंग्या स्यूडोमिरमेक्स वंशातल्या. सडपातळ, वेगवान आणि डंखाला जबर. देठावरच्या ग्रंथींतून त्यांना गोड रस मिळतो. पिल्लांसाठी झाडाने आणखी एक सोय केलेली असते. कोवळ्या पानांच्या प्रत्येक पर्णिकेच्या टोकाला एक-दोन मिलिमीटरचा लांबट दाणा येतो, प्रथिनं आणि मेद असलेला. मुंग्या तो तोडून काट्यात नेतात, तुकडे करतात आणि अळ्यांना भरवतात. त्या अळ्यांना डोक्याखाली एक छोटी पिशवी असते, तुकडा त्यात ठेवला जातो.

या दाण्यांना बेल्टचे दाणे म्हणतात. टॉमस बेल्ट हा इंग्रज खाण-अभियंता निकाराग्वातल्या सोन्याच्या खाणीवर कामाला होता. निसर्गाचं त्याला अफाट वेड. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलं की हे झाड मुंग्यांना पोसतं ते फुकट नाही, मुंग्या त्याचं रक्षण करतात. अनेकांना ते पटलं नाही. १९६० च्या दशकात डॅनियल जॅन्झेन यांनी पूर्व मेक्सिकोत प्रयोग करून त्याचा निकाल लावला. त्यांनी काही झाडांवरच्या मुंग्या काढून टाकल्या, काहींवरच्या राहू दिल्या. मुंग्या गेलेल्या झाडांचा पाला किड्यांनी फस्त केला, शेजारच्या वेली-झुडपांनी त्यांना झाकून टाकलं. मुंग्या असलेली झाडं जोमाने वाढली. मुंग्या पान खाणाऱ्या किड्यांना हाकलतात, जनावराच्या तोंडाला डसतात आणि झाडाभोवती उगवणारी इतर रोपटी कुरतडून जागा मोकळी ठेवतात.

हा सौदा दोघांच्या राजीखुशीचा आहे असं वाटेल. तो तितका सरळ नाही. या झाडाच्या मधुरसात नेहमीची साखर आधीच फोडून ठेवलेली असते. मार्टिन हाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की त्याच रसात असं एक प्रथिन असतं जे मुंगीच्या पोटातलं साखर फोडणारं एन्झाइम बंद पाडतं. म्हणजे एकदा हा रस प्यायलेल्या मुंगीला दुसऱ्या झाडाचा साधा गोड रस पचवणं कठीण होतं. झाड तिला बांधून ठेवतं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. निसर्गातल्या सहकार्याबद्दल आपण फार चटकन हळवे होतो. इथे सहकार्य आहे, पण ते टिकतं ते दोन्ही बाजूंनी घातलेल्या अटींवर.

तिसरा

झाड आणि मुंगी यांच्या या व्यवहारात बघीरा घुसतो. राखणदाराला मिळायचा पगार राखण न करता उचलतो, असंच त्याच्या जगण्याचं वर्णन करावं लागेल.

२००१ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे एरिक ओल्सन यांना कोस्टा रिकात हा कोळी दाणे खाताना दिसला. २००७ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाचा विद्यार्थी क्रिस्टोफर मीहान याला मेक्सिकोत, ओल्सन यांच्या निरीक्षणाची कल्पना नसताना, तेच दिसलं. पुढे दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून काम केलं, व्हिडिओ कॅमेरे लावून तासन्‌तास चित्रण केलं आणि २००९ मध्ये ते 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात छापलं.

त्या चित्रणातून आणि निरीक्षणांतून त्याचा दिवस असा दिसतो. त्याचं रेशमाचं घरटं जुन्या पानांच्या टोकाशी असतं. जुन्या पानांवर दाणे उरलेले नसतात, म्हणून मुंग्यांची गस्त तिथे विरळ. खाणं मात्र आहे ते कोवळ्या पानांवर, म्हणजे मुंग्यांची गर्दी जिथे सर्वांत दाट तिथे. तो निघतो, फांदीवर थांबतो, बघतो. एखादी मुंगी त्याच्या दिशेने वळली तर तो बाजूला सरकतो, पानाच्या पलीकडच्या अंगाला जातो, किंवा शेजारच्या पानावर उडी घेतो. अगदीच कोंडी झाली तर धागा सोडून खाली लटकतो, मुंगी गेली की वर येतो. धागा हवेत असतो आणि मुंगीला हवेतून चालता येत नाही, हा त्याचा फायदा. मोकळी फट मिळाली की तो कोवळ्या पानावर जातो, एका पर्णिकेच्या टोकाचा दाणा जबड्यात पकडतो, उपटतो आणि तो घेऊन निवांत जागी पळतो. जाताना एका पानाकडे निघालेला असला आणि वाटेत मुंगी आडवी आली, तर तो लक्ष्य बदलतो, दुसऱ्या पानाकडे जातो.

शिकाऱ्याची हत्यारं इथे अशी कामाला येतात. दाणा पळत नाही, पण दाण्याभोवती फिरणाऱ्या डझनभर डंखधारी मुंग्या पळतात. पूर्वजांची नजर भक्ष्याच्या हालचालीचा माग काढायची, बघीऱ्याची नजर पहारेकऱ्यांच्या हालचालीचा माग काढते. त्याला 'शाकाहारी कोळी' म्हणून बातम्यांमध्ये बरीच प्रसिद्धी मिळाली. त्यातून एखाद्या सौम्य, शस्त्र खाली ठेवलेल्या प्राण्याचं चित्र उभं राहतं आणि ते चित्र चुकीचं आहे. शिकारी कुळात जन्मला नसता, तर त्याला हे जेवण मिळालंच नसतं. पाला खाणारे इतर कितीतरी किडे त्या झाडावर यायला बघतात आणि मुंग्या त्यांना पिटाळून लावतात.

आता पचनाचा प्रश्न. कोळी घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचक रस सोडतो, आतलं मांस विरघळवतो आणि तयार झालेला द्रव ओढून घेतो. तोंडापाशी केसांची गाळणी असते, घन कण त्यातून आत जात नाहीत. साध्या पानात तंतू इतके आणि प्रथिनं इतकी कमी असतात की या पद्धतीने पोट भरणं जवळपास अशक्य. बेल्टचा दाणा हा अपवाद आहे, कारण झाडाने तो मुळात मुंगीच्या अळीसाठी, म्हणजे एका मांसाहारी वंशपरंपरेतल्या पिल्लासाठी घडवलेला आहे. त्यातही तंतू पुष्कळ असतात, पण प्रथिनं इतर पानांपेक्षा खूपच जास्त. कोळ्याने थेट वनस्पतीकडे मोठी उडी घेतलेली नाही. झाडाने प्राण्यासाठी जेवण बनवून ठेवलं होतं, त्या ताटावर तो येऊन बसला आहे.

खाल्लेलं अन्न शरीरात कसं वाचतात

कॅमेऱ्यात दिसलं म्हणून प्रश्न मिटत नाही. कोणी म्हणेल, दिवसा दाणे खात असेल, रात्री किडे मारत असेल. किंवा दाणे खातो, पण अंगाला लागतं ते दुसरंच काही. म्हणून संशोधकांनी कोळ्याच्या शरीरातल्या नायट्रोजनची तपासणी केली.

ती अशी. नायट्रोजनचे अणू दोन वजनांचे असतात. बहुसंख्य हलके, वजन १४. अगदी थोडे जड, वजन १५. दोघांचं रासायनिक वागणं जवळजवळ सारखं, म्हणून त्यांना एकाच मूलद्रव्याचे समस्थानिक म्हणतात. प्राणी प्रथिनं खातो, ती मोडतो, नको असलेला नायट्रोजन उत्सर्जनातून बाहेर टाकतो. या मोडतोडीत हलका अणू किंचित सहज निसटतो, जड अणू किंचित जास्त मागे राहतो. परिणाम असा की खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजनचं प्रमाण त्याच्या अन्नापेक्षा थोडं जास्त असतं, साधारण हजारात तीनच्या आसपास. पानात जितकं असेल त्याहून पान खाणाऱ्या अळीत जास्त, अळी खाणाऱ्या कोळ्यात आणखी जास्त. अन्नसाखळीची प्रत्येक पायरी शरीरावर अशी नोंदली जाते, आणि ही नोंद आज सकाळच्या जेवणाची नसते, कित्येक आठवड्यांच्या जेवणाची असते.

बघीऱ्याच्या शरीरातलं जड नायट्रोजनचं प्रमाण त्याच भागातल्या इतर, शिकार करणाऱ्या कोळ्यांपेक्षा खाली निघालं. तो बसला वनस्पती खाणाऱ्यांच्या पायरीवर. कॅमेऱ्याने जे दाखवलं होतं, त्याला शरीराने दुजोरा दिला. दोन पुरावे पूर्णपणे वेगळ्या वाटांनी आले आणि एकाच जागी पोचले, म्हणून हा निष्कर्ष मला भक्कम वाटतो.

फायदा काय

मुंग्यांच्या गराड्यात राहण्याची जोखीम त्याने का पत्करावी? एक तर दाणे भरपूर असतात, आणि पावसाळा संपल्यावरही ही झाडं नवी पानं काढत राहतात, त्यामुळे ताट फारसं रिकामं होत नाही. उलट अशा झाडावर साधी शिकार करून जगायचं म्हटलं तर कठीण, कारण किड्यांना मुंग्या टिकूच देत नाहीत. दुसरं, ज्या मुंग्या त्याला हुसकावतात त्याच मुंग्या बाकीच्यांनाही हुसकावतात. दाण्यांसाठी त्याला स्पर्धक उरत नाही आणि कोळ्यांच्या शत्रूंनाही तिथे सुखाने फिरता येत नाही. पहारा चुकवता येणाऱ्याला पहाऱ्याचा लाभ फुकट मिळतो.

राहणीतही बदल दिसतो. उड्या मारणारे कोळी एकलकोंडे असतात, एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. बघीरे मात्र एकाच झाडावर पुष्कळ संख्येने राहतात. प्राथमिक निरीक्षणांमध्ये मादीबरोबर नरही अंडी-पिल्लांच्या जवळ राखण करताना दिसले, आणि कोळ्यांमध्ये बापाने अशी राखण करणं फार दुर्मीळ आहे. अन्नासाठी भांडावं लागत नसेल तर शेजार सोसता येतो, असं त्यामागचं कारण असू शकतं. तरी त्याला साधू समजू नये. तो मधूनच मधुरस पितो, एखादी माशी पकडतो, मुंग्या काट्याकाट्यांतून अळ्या नेत असताना त्यांच्या तोंडची अळी हिसकावतो, आणि कोरड्या दिवसांत आपल्याच जातभाईला खातो.

सगळ्यात बोलका फरक दोन देशांतला आहे. मेक्सिकोतल्या त्या भागात निम्म्याहून अधिक मुंगीवाल्या बाभळींवर बघीरे होते आणि त्यांच्या आहारात दाण्यांचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता. कोस्टा रिकात मोजक्याच झाडांवर ते सापडले आणि तिथे दाण्यांचा वाटा साधारण ६० टक्के होता. उरलेल्या जेवणात मुंग्यांच्या अळ्या आणि इतर शिकार जास्त होती. नायट्रोजनच्या मोजणीतही कोस्टा रिकातले कोळी मेक्सिकोतल्यांपेक्षा वरच्या पायरीकडे झुकलेले निघाले. जात एक, झाडांचं गोत एक, मुंग्यांचं गोत एक, आणि तरी एका ठिकाणी शिकार जवळपास सुटलेली, दुसऱ्या ठिकाणी बरीच शिल्लक. मांस खाणारं कुळ पाल्याकडे कसं वळतं, हे बघायला जीवाश्म शोधत बसण्याची गरज नाही. त्या वाटेवरचे दोन मुक्काम आज, एकाच वेळी, किंताना रू आणि कोस्टा रिकाच्या बाभळींवर हजर आहेत.